पत्र्याचा गवा

कोयनानगरच्या वसाहतीबाहेर, घाटाकडे निघणाऱ्या रस्त्याच्या कडेला, काही वर्षे एक गवा उभा होता. डांबराची रिकामी पिंपे, मोडक्या सायकलींच्या कड्या, जुनी तार आणि वर्कशॉपमागे पडलेले इतर भंगार यांतून तो केलेला होता. दिवस मावळला की तो आतून उजळे. त्याच्याविषयी पुढे पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या. कोणी म्हणे तो परदेशी साहेबाने बनवला, कोणी म्हणे तो देवाला बोललेला होता. दोन्ही खोटे. तो बनवणाऱ्यांत मी होतो. जे घडले तेवढेच येथे लिहितो.

साल चौऱ्याहत्तर असावे. फार तर पंचाहत्तर. मी प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये वीजकामाचा फोरमन होतो. राहायला वसाहतीतले एक क्वार्टर होते. लाकडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, वर पत्र्याचेच छप्पर. तेथला पाऊस त्या छपरावर सुरू झाला की एका खोलीत बोललेले दुसऱ्या खोलीत ऐकू येत नसे. नव्या संसाराला ते सोयीचे होते.

लग्न होऊन वर्ष उलटले होते. पत्नी वडूजकडची. तो मुलूख कोरडा. येथल्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या लुगड्यांना बुरशी धरली, तरी तिने तक्रार केली नाही. परसात तिने कारल्याचा वेल चढवला आणि ‘हितं काय बी लावा, येतंय’ असे ती येईल त्याला सांगे. आता तिला सातवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. त्याबद्दल माझे काही म्हणणे नव्हते. प्रश्न त्यापुढचा होता. लग्न जमवणाऱ्या नातेवाइकाकरवी सासऱ्यांनी निरोप धाडला होता की बाळंतपणानंतर लेक आणि नातवंड कोयनेला परत जाणार नाहीत. जावयाने आधी बदली करून घ्यावी, मग खुशाल न्यावे. माझी बदली होण्यासारखी नव्हती. काम माझ्या आवडीचे होते, आणि पत्नीलाही येथेच राहायचे होते. निरोप ऐकून ती म्हणाली, “आप्पा येऊ देत तर खरं.” त्यापलीकडे आम्ही बोललो नाही, पण दोघांच्याही मनात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

सासरे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरी खिलार गाई, दावणीला चार बैल, आणि बैलबाजारात त्यांच्या शब्दाला किंमत. सदुसष्टच्या भूकंपानंतर ते गावच्या मंडळींबरोबर धान्याचा ट्रक घेऊन या खोऱ्यात आले होते. दगडमातीच्या घरांखालून माणसे काढण्याचे काम त्यांनी केले. काय पाहिले ते त्यांनी घरी कधी सांगितले नाही. ही जमीन माणसाने राहण्याची नव्हे, एवढे मात्र त्यांनी ठरवून टाकले. अशा माणसाच्या भीतीला भित्रेपणा म्हणता येत नाही. म्हणून मी वाद घालणार नव्हतो. आणि वाद न घालता बायको परत कशी आणावी, हे मला सुचत नव्हते.

गव्याचे काम त्याच सुमारास निघाले. नाक्यापुढच्या वळणावर एका मालट्रकची गव्याला धडक बसली. गवा मेला, ट्रकचालकाचा पाय मोडला. वनखात्याचे रेंजर वर्कशॉपमध्ये आले. सडसडीत, कमी झोपलेला दिसणारा माणूस. त्यांनी वळणावर पाटी लावून पाहिली होती.

“पाटी कोण वाचतो?” ते म्हणाले. “मला खऱ्यासारखा गवा उभा करून पाहिजे. दिवेलागणीनंतर लांबून दिसला पाहिजे. समोर जनावर आहे म्हटलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.”

भंगार वापरण्याची परवानगी वरिष्ठांनी तोंडी दिली. वीज प्रकल्पाची. काम मी आणि आमचे पत्राकाम करणारे कारागीर, दोघांनी रोजचे काम संपल्यावर करायचे असे ठरले.

हे कारागीर तासगावकडचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरावीस वर्षांनी मोठे. वर्कशॉप त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणे. तिकडे त्यांचे घराणे उरुसासाठी आणि ताबुतांसाठी पत्र्याचे जाळीदार कंदील करी. गव्याला जाळीची कातडी करावी, ही कल्पना त्यांची. पिंप उभे चिरायचे, पत्रा ठोकून सपाट करायचा, मग टोच्याने आतल्या बाजूने भोके पाडायची. भोकाची फाटलेली धार बाहेर येते. दिवसा ती काळी, खरखरीत, केसाळ दिसते; आत दिवा लावला की प्रत्येक धारेवर उजेडाचा कण बसतो. आतून मात्र पत्रा गुळगुळीत राहतो. चाचा हे काम बिडी ओठांत धरून करीत, आणि ती विझलेलीच असे.

सांगाडा मी केला. पाठीच्या कण्याला जुना नळ, बरगड्यांना सायकलच्या कड्या, पायांना लोखंडी कोन. डोळ्यांना एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या मागच्या दिव्यांच्या लाल काचा. पोटाखाली माणूस आत जाईल एवढी झडप ठेवली, कारण दिवे बदलावे लागणार होते.

चूक आम्ही दोघांनी मिळून केली. मी गवा पाहिला होता तो धुक्यात, पाठमोरा, क्षणभर. चाचांनी पाहिलाच नव्हता. रेंजरच्या कचेरीत एक चित्र होते, पण त्यात गवा समोरून तोंड करून उभा होता. त्याची पाठ कशी असते हे त्यावरून कळेना. रेंजर फिरतीवर गेले होते. तेव्हा हाताला जे ठाऊक होते ते हाताने केले. मी माणदेशाच्या कडेचा, चाचा तासगावचे. लहानपणापासून आम्ही जे जनावर पाहिले त्याची मान उंच, तोंड लांबट, शिंगे मागे झुकलेली आणि खांद्यावर वशिंड. पत्रा वळत गेला तसा वळू दिला. मला तो चांगला वाटला होता.

दिवाळीच्या आधी सासरे मुलीला न्यायला आले. एस.टी.तून उतरले ते वळकटी, काठी आणि डोक्यावर घट्ट पटका अशा थाटात. क्वार्टरमध्ये आल्यावर त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली.

“डबा हाय डबा,” ते म्हणाले. “रॉकेलच्या डब्यात माणसं ठिवल्यात.”

“आप्पा, आधी पाणी तरी प्या,” पत्नी म्हणाली.

“पितो. परवाच्या यष्टीनं निघायचं. सामान बांध. सगळं बांध.”

“सगळं कशाला? बाळंतपणाला भांडी लागत्यात व्हय?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि विषय सोडला. ‘सगळं’ या शब्दाचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता.

संध्याकाळी करमेना म्हणून ते माझ्यामागोमाग वर्कशॉपच्या शेडमध्ये आले. गवा पाहून थांबले. त्याच्याभोवती एक फेरी घातली. बाजारात घालतात तशी: आधी खूर, मग गुडघे, मग मागून पाठीची रेघ. त्यांनी हाताने वशिंड चाचपले आणि बोट कापून घेतले, ते तोंडात धरूनच म्हणाले, “बैल झकास हाय, जावईबापू. नाकाड जरा आखूड पायजे हुतं. पन चाल दिसतीया. कुनाचा म्हनायचा?”

चाचांनी बिडी काढली. “गवा हाय, हवालदार.”

“ह्यो?”

“व्हय.”

“गड्या, ह्यो खिलार हाय. आटपाडीच्या बाजारात उभा केलास तर गिऱ्हाईक येईल.”

दुसऱ्या दिवशी रेंजर फिरतीवरून आले, शेडच्या दारातून आत न येताच त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “फोरमन, बैल कशाला केला?”

सासरे तेथेच पिंपावर बसले होते. त्यांना आनंद झाला असावा; मिशी हलली. मग रेंजरनी सांगायला सुरुवात केली. गव्याला वशिंड नसते. खांद्यापासून पाठीवर एक उंच धार निघते आणि मध्येच तुटल्यासारखी संपते. डोके तो खाली धरतो. कपाळ फुगीर, राखाडी. गुडघ्याखाली चारी पाय पांढरे. शिंगे बाहेर जाऊन वर वळतात.

“असं जनावर असतंय व्हय?” सासरे म्हणाले. “मधीच पाठ तुटती? मग ओझं कशावर पेलतंय?”

“त्याला कोण ओझं लादणार?”

“न्हाई लादलं तरी हाडाला आधार लागतोच की. तुमी नीट बघितलेलं नसंल.”

रेंजर हसले. म्हणाले, “उद्या पहाटे गार्डबरोबर जा. कड्यावरून दिसतील.”

सासऱ्यांची एस.टी. दुसऱ्या दिवशीची होती. ते गार्डबरोबर गेले. उन्हे चढल्यावर परतले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि पायांवर जळवांचे डाग. मुलीने चुना आणि तंबाखू पुढे केली. ती लावता लावता ते म्हणाले, “रेंजर खोटं बोलत न्हाई. पाठ तुटलेलीच हाय. पन तिथनं खाली मागचा भाग असा उतरतोय, असा…” आणि त्यांनी जमिनीवर कोळशाने रेघ ओढली. ती रेघ मला आजही काढता येणार नाही. त्यांनी एका दमात काढली.

“यष्टी गेली की आप्पा,” पत्नी म्हणाली.

“उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशीही ते गेले नाहीत. सकाळी माझ्याआधी शेडमध्ये जाऊन बसत. चाचांनी वशिंड कापून काढले. मी नळाचा कणा तोडून पुन्हा जोडला. पाठीच्या धारेला ट्रकचे मडगार्ड उलटे करून बसवले. त्याची वळणे तशीच होती. गुडघ्याखालच्या पांढऱ्या रंगासाठी दूधभुकटीचे रिकामे डबे उघडून गुंडाळले. शिंगे जुन्या सायलेन्सरच्या नळीची केली आणि टोकांना डांबर दिले. या सर्वांत सासरे बहुतेक हुकूम देत. त्यांचे सगळे बरोबर असे असेही नाही. डोके खाली झुकवायला ते मुळीच तयार नव्हते.

“मान खाली घातलेलं जनावर दुबळं दिसतंय,” ते म्हणत. “बाजारात ह्येला कोन हात लावंल?”

“पण हवालदार, तुमी काल काय बघून आलात?” चाचा विचारत.

“बघितलं ते बघितलं. हितं रस्त्यावर उभं राहायचं हाय त्येला. जरा रुबाब पायजे.”

“रुबाब तुमच्या पटक्यात हाय तेवढा बास हाय.”

शेवटी डोके खालीच झाले. ते रेंजरच्या हुकमाने. सासऱ्यांनी दोन दिवस चाचांशी बोलणे टाकले. पण तंबाखूची चंची त्यांच्यापुढे सरकवीत होते. जेवताना एकदा पत्नीने मला विचारले, त्यांना ऐकू जाईल असे, “आवं, आप्पा मला न्यायला आल्यात का गव्याला?” सासऱ्यांनी भाकरी मोडली आणि कालवण मागितले.

या दिवसांत परतण्याचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. त्यांची इच्छा बदलली असेल असे मानायला काही कारणही नव्हते. रोज जेवणानंतर ते दाराबाहेर बसत आणि डोंगराकडे, अंगणाकडे, क्वार्टरच्या छपराकडे पाहत. त्या पाहण्यात काही चांगले नसे.

दिवे लावून पाहायचा दिवस आला. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. शेडचे दार आम्ही ओढून घेतले होते, म्हणजे आत काळोख व्हावा. गव्याच्या पोटात कण्याला तारेने दिवे टांगले होते. पाठीच्या धारेखालचा एक आधार सैल वाटत होता. झडपेतून आत शिरण्याइतका बारीक आमच्यात एकच माणूस होता. पटका काढून, डोक्याला उपरणे गुंडाळून सासरे आत गेले. पाना घेऊन आत उकिडवे बसले. मी बटणापाशी होतो. चाचा गव्याच्या तोंडाशी उभे होते. मी दिवे लावले.

जाळीतून उजेड फुटला. गवा भरल्यासारखा दिसला. आत सासऱ्यांची सावली इकडून तिकडे हलत होती.

तेवढ्यात धक्का आला. मोठा नव्हता. वसाहतीत तसे धक्के येत. आधी खालून घरघर येते, मग वस्तू बोलू लागतात. शेडचे पत्रे खडखडले. कोपऱ्यातली पिंपे एकमेकांवर आपटली. गव्याच्या पोटातले दिवे झोके घेऊ लागले आणि उजेड त्याच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जाऊ लागला. पाहणाऱ्याला वाटावे, जनावर श्वास घेत आहे. चाचांनी एक हात खांबाला लावला. आम्ही दोघेही नेहमीसारखे उभे राहून तो जाण्याची वाट पाहू लागलो.

आतून सासऱ्यांचा आवाज आला.

“कोन हालवतोय रं?”

चाचांनी दुसरा हातही खांबाला लावला.

“आत मानूस हाय, आंधळ्यांनो. चेष्टा लावलीया व्हय? ए चाचा, सोड. सोड म्हनतो न्हवं?” आणि त्यांनी आतून पान्याने पत्र्यावर दोन टोले हाणले.

धक्का थांबला. तो त्यांच्या टोल्यांबरोबरच थांबला, यात त्यांचा काही संबंध नव्हता.

“असं,” आतून आवाज आला. “आता हालवू नका.”

चाचा म्हणाले, “हवालदार, आमी न्हाई हालवलं.”

“मग कोन, रेंजर?”

“जमीन हालली.”

आत काही हालचाल झाली नाही. दिवे हळूहळू स्थिर होत होते. सासऱ्यांची सावली एका जागी थांबली होती. मी झडपेकडे गेलो. त्यांना बाहेर ओढावे लागेल असे मला वाटले. सदुसष्टात त्यांनी काय पाहिले असेल याचा मला अंदाज होता.

“मामा,” मी म्हणालो, “बाहेर येता का?”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “गेला का त्यो?”

“गेला.”

“शेड हाय का जाग्यावर?”

“आहे.”

“काय पडलं?”

मी पाहिले. “काही नाही. एक पिंप कलंडलं.”

मग झडपेतून त्यांचा हात बाहेर आला, उघडा तळवा वर.

“ह्यो पाना मोठा हुतोय. धाकटा द्या.”

मी धाकटा पाना दिला. आधार घट्ट करूनच ते बाहेर आले. उपरण्याने चेहरा पुसला. गव्याच्या पाठीवर हात ठेवला, या वेळी जपून, आणि तसेच बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर ही गोष्ट माझ्या बायकोच्या आधी पोहोचली होती. ती पाण्याची घागर घेऊन आली ती हसू दाबतच.

“आप्पा, बाया इचारत्यात, तुमचं आप्पा अजून किती दिवस हायेत? म्हनत्यात, त्यांनी दम दिला आनि भूकंप पळाला. आमच्याकडं बी एकदा येऊन जा म्हनावं.”

“चाचानं सांगितलं न्हवं?”

“कुनी का सांगंना.”

“त्येच्या दाढीला आग लावतो,” सासरे म्हणाले. पण ते रागावले नव्हते. चहा पिऊन ते उठले आणि आमच्या दोन खोल्यांतून फिरू लागले. काठीने छपराचे पत्रे ढोसले. एका भिंतीला खांदा लावून जोर दिला. भिंत वाकली, आणि सोडल्यावर जागेवर आली. त्यांनी पुन्हा जोर दिला. पुन्हा आली. कोपऱ्यातले लाकडी सांधे नखाने खरवडून पाहिले. मग खाटेशी आले. खाटेवरच्या भिंतीला एक फळी होती आणि तिच्यावर लग्नात मिळालेले तांब्याचे हंडे, कळशी, पितळी डबे असे सगळे रचलेले होते. ती मांडणी पत्नीच्या हौसेची होती.

“ह्ये खाली घ्या,” ते मला म्हणाले.

“का आप्पा?” पत्नीने विचारले. “चांगलं दिसतंय की.”

“डोक्यावर काय ठिवायचं न्हाई. घर न्हाई मारत. दगूड मारतोय आनि हंडा मारतोय.” त्यानंतर जरा थांबून म्हणाले, “तवा समदी घरं दगडाची हुती.”

सदुसष्टाविषयी ते माझ्यासमोर बोलले ते एवढेच. मी हंडे खाली उतरवले. त्यांनी फळीही काढायला लावली. खिळे उपटून माझ्या हातावर ठेवले. पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित हलवली; बोलू नका, असा त्याचा अर्थ होता. मी खिळे खिशात टाकले.

गवा बैलगाडीवरून नाक्यापुढे नेला आणि त्या संध्याकाळी वळणावर उभा केला. योजना फसली, हे सांगितले पाहिजे. ड्रायव्हरांनी वेग कमी करावा म्हणून तो केला होता. त्यांनी गाड्याच थांबवल्या. चिपळूणकडून आलेल्या ट्रकांची वळणावर रांग लागली. माणसे उतरून पाहू लागली. वसाहतीतल्या बायका मुलांना घेऊन आल्या. रेंजर दोन्ही हात हलवत ‘पुढे व्हा, पुढे व्हा’ म्हणत होते. दोन दिवसांनी गवा वळणापासून अलीकडे, सरळ रस्त्यावर हलवला, तेव्हा तो कामाचा ठरला. पुढच्या आठवड्यात त्याच्या कपाळावर कुंकू दिसले. रेंजरनी ते पुसायला लावले. पुन्हा दिसले. पुढल्या वर्षी बेंदराला त्याच्या शिंगांना बाशिंग आणि पुढ्यात पुरणपोळी ठेवलेली सापडली. त्यानंतर पुसणे बंद झाले. चाचा म्हणत, “कपाळ फुगीर केलंय, कुकू लावायला जागा झाली.”

पत्नी गेली ती गवा हलवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिने दोन लुगडी, बाळंतविड्याचे कपडे आणि परसातली कारली एवढेच बरोबर घेतले. सासऱ्यांनी ते गाठोडे पाहिले. ‘सगळं’ कुठे आहे असे विचारले नाही. मी स्टँडवर पोहोचवायला गेलो. एस.टी. सुटेपर्यंत आम्ही पावसाविषयी, कडब्याविषयी बोललो. कधी आणून सोडणार, हे मी विचारावे असे मला फार वाटले. जावयाने सासऱ्याला असे विचारणे आमच्याकडे बसत नाही. पत्नी खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, “येलाला पानी घालत जावा.” गाडी निघाली.

मध्यंतरी मी एकदा वडूजला जाऊन आलो. सासऱ्यांनी गोठा दाखवला, नवा खोंड दाखवला. गव्याची चौकशी केली. एक लाल काच फुटली आहे म्हणालो तर म्हणाले, दोन्ही बदला, नाहीतर काणा दिसेल. मुख्य गोष्ट तशीच राहिली.

गव्याचे पुढे काय झाले ते येथेच सांगतो. तेथल्या पावसात पत्रा किती टिकणार? आम्ही दर उन्हाळ्यात डांबराचा हात देत होतो, तरी पोटाकडून तो खात गेला. काही वर्षांनी पाय उरले, मग तेही भंगारात परत गेले. चाचा तोवर निवृत्त होऊन तासगावला गेले होते. त्या सरळ पट्ट्यावर तेवढ्या काळात जनावर मेल्याचे मला आठवत नाही.

मुलगी झाल्याचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरने आणला. मी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. बारसे वडूजला झाले. त्यानंतर बरेच दिवस काही कळले नाही. बाळंतीण सव्वा महिन्यानंतर केव्हाही यावी. सव्वा महिना झाला, दुसरा महिनाही सरत आला. संध्याकाळी घरी आल्यावर मी वेलाला पाणी घाली, भात टाकी, आणि जेवून पडून राही. बदलीचा अर्ज करावा की काय, असे एकदोनदा मनात आले.

एका दुपारी वर्कशॉपच्या फाटकाशी तोच कंडक्टर उभा होता. म्हणाला, टपावर तुमचं सामान आहे, लवकर उतरवून घ्या, गाडी लेट आहे. मी आणि चाचा गेलो. टपावर पोत्यात गुंडाळलेले काहीतरी अवघड बांधले होते. खाली घेऊन सोडले तर पाळणा. नातवंडाचा पाळणा आजोळाकडून यायचा, हे आमच्याकडे ठरलेलेच. पण तो छताच्या तुळईला टांगतात. त्याला कड्या असतात, साखळ्या असतात. याला कड्या नव्हत्या. बाभळीच्या लाकडाचा, बुटका, दोन बाजूंना दोन-दोन रुंद पाय जोडलेला, जमिनीवर ठेवून त्या पायांच्या मध्येच झुलवायचा असा तो होता. असा पाळणा मी त्याआधी पाहिला नव्हता. वडूजच्या सुतारानेही पाहिला नसावा.

“हवालदार काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हनाले, वर टांगू नका,” कंडक्टर म्हणाला. “आनि म्हनाले, लेकीला घिऊन ऐतवारी येतो. कालवन तिखाट करा.”

चाचांनी पाळण्याच्या पायांवरून हात फिरवला आणि पोते घडी करून काखेत घेतले. आम्ही तो दोघांनी उचलून क्वार्टरमध्ये नेला. जमीन एका कोपऱ्यात सखल होती, तेथे तो डुगडुगला. मग तो खाटेजवळ सरकवला. तेथे चारी पाय टेकले.